शोधयंत्रे आणि नवे संकेतस्थळ

ग्रंथालयात नवे पुस्तक आले म्हणजे त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते, त्याला वर्गांक मिळतो, तालिकेत त्याचे पत्रक लागते आणि ते आपल्या विषयाच्या कपाटात जुन्या पुस्तकांच्या शेजारी जाऊन बसते. त्या क्षणापासून वाचकाच्या दृष्टीने नवे आणि जुने यांत फारसा भेद उरत नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतील तिसऱ्याचा आशयच असा की, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे.

इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या जगात असे कर्तव्य कोणी अंगावर घेतलेले नाही. तेथे कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता, अल्प खर्चात आपला मजकूर प्रसिद्ध करू शकतो. तथापि प्रसिद्ध होणे आणि वाचकापर्यंत पोहोचणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. हे अंतर बहुतांशी गूगल, बिंग यांसारखी शोधयंत्रे ठरवितात. वाचक एखादा शब्द वा प्रश्न टंकतो, यंत्र त्याच्यापुढे उत्तरांची एक उतरंड ठेवते, आणि वाचक सामान्यतः वरच्या चार-पाच नावांपलीकडे जात नाही. या उतरंडीत नव्याने स्थापन झालेले संकेतस्थळ प्रारंभी प्रायः तळाशीच असते. असे का व्हावे, आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

शोध, नोंद आणि क्रम

शोधयंत्राचे कार्य तीन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा पाने शोधून काढण्याचा. त्यासाठी ‘क्रॉलर’ या नावाने ओळखली जाणारी आज्ञावली अहोरात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर जात असते. एका पानात दुसऱ्या पानाचा दुवा दिसला की ती त्या दुव्याने पुढे जाते. दुसरा टप्पा नोंदीचा. सापडलेल्या पानातील मजकूर वाचून त्याची शब्दवार निर्देशसूची तयार केली जाते. मोठ्या ग्रंथाच्या अखेरीस असणाऱ्या सूचीचेच हे विराट रूप होय. तिसरा टप्पा क्रमवारीचा. वाचकाने प्रश्न विचारला की निर्देशसूचीतील लक्षावधी पानांतून योग्य ती निवडून त्यांचा क्रम क्षणार्धात लावला जातो.

नव्या संकेतस्थळाची अडचण पहिल्याच टप्प्यापासून सुरू होते. क्रॉलर दुव्यांवरून चालतो आणि नव्या संकेतस्थळाकडे येणारा दुवा कोठेच नसतो. ही अडचण दूर करण्यासाठी २००५ साली गूगलने ‘साइटमॅप’ची पद्धत सुरू केली. साइटमॅप म्हणजे संकेतस्थळातील सर्व पानांच्या पत्त्यांची यंत्राला वाचता येईल अशी यादी. पुढील वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही ती पद्धत स्वीकारली. याच्या उलट, क्रॉलरने कोठे जाऊ नये हे सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची एक छोटी धारिका संकेतस्थळात ठेवण्याचा प्रघात १९९४ पासून आहे. बांधणी चालू असताना या धारिकेत घातलेली बंदी उद्घाटनानंतरही तशीच राहून जाते, आणि आपले संकेतस्थळ शोधात का दिसत नाही याचा मालक महिनोन्‌महिने विचार करीत बसतो, असे प्रकार वरचेवर घडतात. म्हणून नवे संकेतस्थळ उभारणाऱ्याने सर्वप्रथम ही खातरजमा करावी. गूगलने मालकांसाठी ठेवलेल्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात कोणत्या पानांची नोंद झाली आणि कोणत्या पानांची का झाली नाही, हे पाहता येते.

परंतु नोंद झाली म्हणजे स्थान मिळाले असे नव्हे. खरा प्रश्न तिसऱ्या टप्प्याचा आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शब्दमोजणीपासून साक्षीपर्यंत

विश्वजाल लहान होते तेव्हा त्याची सूची माणसे हाताने करीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या विद्यार्थ्यांनी १९९४ साली सुरू केलेली याहूची सूची ही अशीच विषयवार, ग्रंथालयीन वळणाची होती. ती २०१४ च्या अखेरीस बंद झाली. पाने वाढू लागली तसे हे काम माणसांच्या आवाक्याबाहेर गेले. डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या आल्टाव्हिस्टासारख्या यंत्रांनी प्रामुख्याने पानातील शब्दांच्या आधारे क्रम लावण्यास प्रारंभ केला. ज्या पानात विचारलेला शब्द ठळकपणे आणि वारंवार आला, ते पान त्या विषयाचे, असा यामागील स्थूल विचार होता. लवकरच काही चतुर मंडळींनी आपल्या पानांत एकच शब्द शेकडो वेळा लिहिण्यास सुरुवात केली. पान स्वतःविषयी जे सांगते त्यावर विसंबण्याचा हा परिणाम होता.

१९९८ साली स्टॅनफर्डमधीलच लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी निराळी वाट दाखविली. विज्ञानाच्या क्षेत्रात एखाद्या शोधनिबंधाचे महत्त्व त्याचा उल्लेख इतरांनी किती केला यावरून अजमावण्याची रीत आधीपासून होती. यूजीन गारफील्ड यांची विज्ञान-संदर्भसूची १९६४ पासून प्रसिद्ध होत होती. हाच विचार पेज आणि ब्रिन यांनी संकेतस्थळांना लावला. एका पानाने दुसऱ्याचा दुवा देणे ही त्यांनी एक प्रकारची साक्ष मानली. आणि ज्याच्या बाजूने अनेकांनी साक्ष दिली आहे अशाने दिलेली साक्ष अधिक वजनाची ठरविली. या मोजमापाला ‘पेजरँक’ हे नाव मिळाले. त्या वेळी त्यांच्या सूचीत सुमारे दोन कोटी चाळीस लाख पाने होती.

एक लहान उदाहरण

हे गणित एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सबंध विश्वजालात तीनच पाने आहेत. ‘क’ आणि ‘ख’ ही दोन जुनी पाने परस्परांचा दुवा देतात. ‘न’ हे नवे पान ‘क’चा दुवा देते, पण ‘न’चा दुवा कोणीच देत नाही. मूळ पद्धतीनुसार प्रत्येक पानाला ०.१५ इतका गुण उपजतच मिळतो. शिवाय जे पान त्याचा दुवा देते, त्याच्या गुणाचा ०.८५ पट भाग मिळतो. मात्र दुवा देणाऱ्या पानात अनेक दुवे असल्यास हा भाग त्या सर्वांत सारखा वाटला जातो.

हे समीकरण सोडविले असता ‘क’ला १.४६, ‘ख’ला १.३९ आणि ‘न’ला केवळ ०.१५ गुण मिळतात. ‘न’मधील मजकूर किती मोलाचा आहे, हा प्रश्न या हिशेबात कोठेच आलेला नाही.

आता समजा, ‘क’ने ‘ख’बरोबर ‘न’चाही दुवा दिला. नव्या हिशेबाने ‘न’चा गुण ०.१५ वरून ०.७७ वर जातो, म्हणजे एकाच साक्षीने तो पाचपट होतो. ‘क’चा स्वतःचा गुण १.४६ इतकाच राहतो, कारण त्याने दिलेले ‘ख’ आणि ‘न’ यांच्याद्वारे पुन्हा त्याच्याकडेच येते. घट होते ती ‘ख’ची, तो १.३९ वरून ०.७७ वर उतरतो. या तीन पानांच्या जगातून दोन गोष्टी ध्यानात येतात. नवागताचे दारिद्र्य हे त्याच्या गुणहीनतेचे लक्षण नसून साक्षीच्या अभावाचे आहे. आणि क्रमवारीतील एकाची चढण ही दुसऱ्या कोणाची तरी उतरण असते. म्हणून जुनी संकेतस्थळेही आपली जागा टिकविण्यासाठी सतत श्रम घेत असतात.

आज गूगलच्या क्रमवारीत पेजरँक हा अनेक घटकांपैकी एक आहे. पानाचा आशय, प्रश्नामागील हेतू, भाषा, वाचकाचे ठिकाण, मजकुराचा ताजेपणा, पान उघडण्याची गती इत्यादी अनेक गोष्टी विचारात घेतल्या जातात. तरीही ‘इतरांची साक्ष’ हे तत्त्व सुटलेले नाही.

जुन्यांकडे ओढा

ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी मिळते, हा अनुभव समाजशास्त्रज्ञांना नवा नाही. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली वैज्ञानिकांच्या कीर्तीसंबंधी लिहिताना, बायबलमधील एका वचनावरून, त्याला ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले. बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी १९९९ साली दाखवून दिले की, विश्वजालासारख्या वाढत्या जाळ्यात नवे दुवे प्रायः आधीच पुष्कळ दुवे असलेल्या पानांकडे जातात. शोधयंत्राने या प्रवृत्तीत भर पडते. लोक यंत्राने वर दाखविलेली पाने वाचतात. जी वाचतात त्यांचेच दुवे देतात. आणि त्या दुव्यांमुळे ती पाने वरच राहतात. जुंगहू चो आणि सौराशीष रॉय यांनी २००४ साली केलेल्या अभ्यासात याच चक्राचा वेध घेतला होता, आणि नव्या पानांच्या दृष्टीने त्यांचा निष्कर्ष चिंताजनक होता.

दुव्यांच्या जोडीला दुसरी एक साक्ष आहे, ती वाचकांच्या निवडीची. अमेरिकेच्या शासनाने गूगलविरुद्ध चालविलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ साली गूगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांची जबानी झाली. तीतून असे पुढे आले की, ‘नॅव्हबूस्ट’ नावाची यंत्रणा मागील १३ महिन्यांत वाचकांनी कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर निवडले याची नोंद वापरते. काल सुरू झालेल्या संकेतस्थळापाशी असा पूर्वेतिहास असणे शक्यच नाही.

नव्या संकेतस्थळांना गूगल काही काळ मुद्दाम अडकवून ठेवते, असा समज संकेतस्थळ चालविणाऱ्यांत २००४ पासून रूढ आहे. मुलांना खेळण्यासाठी आखून दिलेल्या वाळूच्या हौद्यावरून त्याला ‘सँडबॉक्स’ म्हणतात. असा सरसकट नियम असल्याचे गूगलच्या प्रतिनिधींनी वेळोवेळी नाकारले आहे. मे २०२४ मध्ये उघड झालेल्या काही अंतर्गत कागदपत्रांत, संकेतस्थळ प्रथम केव्हा आढळले याची नोंद ताज्या फसव्या मजकुरास आवर घालण्यासाठी ठेवल्याचा उल्लेख होता. परंतु वर पाहिलेली कारणे लक्षात घेता, निराळा नियम नसला तरी विलंब हा व्हावयाचाच. ‘अहरेफ्स’ या संस्थेने २०१७ साली केलेल्या पाहणीत नव्या पानांपैकी केवळ ५.७ टक्के पाने वर्षभराच्या आत निदान एका शब्दप्रयोगासाठी पहिल्या दहांत आली होती. त्याच वर्षी गूगलच्या एका प्रतिनिधीनेही सुधारणांचे फळ दिसण्यास साधारणतः चार महिने ते एक वर्ष लागते असे सांगितले होते.

यावर संशोधकांनी एक उपायही सुचविला आहे. चो आणि रॉय यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक सौमेन चक्रवर्ती व इतर सहकाऱ्यांसह २००५ साली असा प्रस्ताव मांडला की, यंत्राने प्रत्येक उत्तरमालेत थोड्या नव्या पानांना यदृच्छेने स्थान द्यावे. वाचक त्यांची परीक्षा करतील. चांगली पाने वर येतील, इतर मागे पडतील. थोड्याशा यदृच्छेने दीर्घकाळात सर्वच वाचकांना अधिक चांगली उत्तरे मिळतात, असे त्यांनी दाखविले. नवागताला संधी देणे हा केवळ उपकार नसून त्यात वाचकांचाही लाभ आहे, हे या अभ्यासाचे सार म्हणता येईल.

आडमार्ग

विलंब असह्य झाला की माणूस आडमार्ग शोधतो. साक्षीला मोल आले तसा खोट्या साक्षींचा बाजारही उभा राहिला. पैसे घेऊन दुवे देणारी संकेतस्थळे, परस्परांना दुवे देण्यासाठीच निर्माण केलेल्या पानांची जाळी, क्रॉलरला एक मजकूर आणि वाचकाला दुसरा दाखविण्याची युक्ती, असे नाना प्रकार आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या विख्यात मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ अशाच एका युक्तीबद्दल गूगलने आपल्या सूचीतून काही काळ काढून टाकले होते. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाने केलेल्या बदलाचा रोख कृत्रिम दुव्यांवर होता. मुदत संपलेली जुनी नावे विकत घेऊन त्यांच्या पुण्याईवर नवा निकृष्ट मजकूर चालविणे, तसेच यंत्राकरवी पानांचा ढीग निर्माण करणे, या प्रकारांविरुद्ध मार्च २०२४ मध्ये स्पष्ट नियम करण्यात आले.

मोठी कंपनी अशा शिक्षेतून सावरते, कारण लोक तिला नावाने ओळखतात. नव्या संकेतस्थळाला तसा आधार नसतो. ज्याच्यापाशी प्रतिष्ठेची पुंजी नाही त्याने ती पणाला लावणे हे सर्वांत धोक्याचे होय.

मोकळी जागा

मग नवागताने करावे काय? याचे उत्तर २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. फॉर्चुनाटो, फ्लॅमिनी, मेन्झर आणि व्हेस्पिन्यानी यांनी असे दाखविले की, शोधयंत्रे जुन्यांचा पक्षपात जितका वाढवितील अशी भीती होती तितका त्या वाढवीत नाहीत. कारण लोकांचे प्रश्न बहुविध आणि विशिष्ट असतात. प्रश्न जितका विशिष्ट, तितकी त्याला उत्तर देणारी पाने थोडी. आणि स्पर्धकच थोडे असले म्हणजे साक्षीचे पारडे हलके पडून आशयाला महत्त्व येते. दररोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच विचारले गेलेले नसतात, असे गूगलने अनेकवार सांगितले आहे. अर्थात, ही जागा पूर्णपणे कधीच भरत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या कृषिपदवीधराने ज्वारीविषयी संकेतस्थळ काढले. ‘ज्वारी’ या एका शब्दासाठी त्याला विश्वकोश, वृत्तपत्रे, शासकीय खाती आणि विक्रेते यांच्याशी सामना करावा लागेल. तेथे यशाची आशा नाही. परंतु मालदांडी ज्वारीवर खोडमाशी पेरणीनंतर किती दिवसांनी दिसते, पोंगा कसा सुकतो, पेरणीची वेळ बदलल्याने काय फरक पडतो, असा प्रश्न शेतकरी विचारतो, तेव्हा त्याला नेमके उत्तर देणारी पाने फारच थोडी असतात. पदवीधराने स्वतः शिवारात पाहून, छायाचित्रांसह आणि तारखांसह या एका प्रश्नाचे संपूर्ण उत्तर लिहिले, तर ते वर येण्याचा बराच संभव आहे. अशी पंचवीस-तीस पाने झाली, ती परस्परांना योग्य ठिकाणी दुव्यांनी जोडली, की मग एखादी शेतकरी संघटना, एखादे कृषी महाविद्यालय, एखादे वृत्तपत्र त्यांचा उल्लेख करू लागते. ‘न’ला ‘क’ची साक्ष मिळते ती अशी. ही साक्ष मागूनही घ्यावी. आपले काम संबंधित संस्थांच्या नजरेस आणून देण्यात गैर काहीच नाही. मात्र ती विकत घेऊ नये.

दरम्यानच्या काळात शोधयंत्रावरच सर्वस्वी विसंबणे योग्य नव्हे. व्याख्याने, नियतकालिके, पत्रव्यवहार, परिचितांचे गट यांतून जे वाचक येतात तेच पुढे साक्षीदार होतात. प्रगती मोजतानाही पहिल्या क्रमांकाचा हट्ट धरू नये. आपले पान कोणकोणत्या प्रश्नांसाठी दाखविले गेले, हे सर्च कन्सोलमध्ये दिसते. अपेक्षित नसलेले प्रश्न तेथे आढळू लागले, तर पुढे काय लिहावे याची दिशा वाचकांनीच दाखविली असे समजावे.

भारतीय भाषांचा प्रश्न

भारतीय भाषांतील संकेतस्थळांना आणखी एक अडथळा पार करावा लागला. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचा समावेश असलेली ‘युनिकोड’ ही जागतिक संकेतपद्धती १९९१ साली प्रसिद्ध झाली. पण तिचा वापर रुळण्यास बरीच वर्षे गेली. तोवर अनेक मराठी आणि हिंदी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले स्वतंत्र टंक वापरीत. वाचकाला पडद्यावर देवनागरी दिसे, परंतु संगणकात साठविलेली असत ती रोमन अक्षरे व चिन्हे. त्यामुळे त्या मजकुरातील एकही मराठी शब्द शोधयंत्राला ओळखता येत नसे. वर्षानुवर्षांचे लेखन असे निर्देशसूचीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. युनिकोडने हा अडथळा दूर केला. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच पद्धतीवर उभा आहे. तरी काही बारकावे उरतात. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. डोळ्यांना तो सारखाच दिसला तरी यंत्राला त्या दोन भिन्न अक्षरमालिका असतात. शिवाय पुष्कळ लोक मराठी प्रश्न रोमन लिपीत टंकतात.

तथापि याच परिस्थितीत एक संधीही आहे. इंग्रजीत ज्या प्रश्नावर शेकडो पाने आहेत, त्यावर मराठीत, कोकणीत किंवा संथाळीत एखादेच चांगले पान असेल किंवा तेही नसेल. तेथे नवागताला जुन्यांची गर्दी आड येत नाही.

पुढील काळ

मे २०२४ पासून अमेरिकेत आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून भारतात, गूगल अनेक प्रश्नांना उत्तरमालेच्या वर यंत्ररचित सारांश दाखविते आणि त्याच्या आधारासाठी थोड्याच पानांचे दुवे देते. वाचकाची गरज सारांशानेच भागली, तर तो मूळ पानाकडे जात नाही. नवागताची वाट यामुळे आणखी अरुंद झाली आहे. परंतु सारांश करण्यासाठीही कोणीतरी प्रथम पाहून, तपासून, लिहून ठेवलेले असावे लागते. आणि जे दुसऱ्या कोणीच लिहिलेले नाही ते घेण्यासाठी यंत्रालाही त्याच एका पानाकडे यावे लागते.

या विषयाकडे केवळ व्यापाराच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. एखाद्या दुकानाला गिऱ्हाईक मिळाले नाही, तर नुकसान त्या दुकानदाराचे होते. पण रोगाची, पिकाची, कायद्याची वा स्थानिक इतिहासाची खरी माहिती तळाशी राहिली आणि जुनी, चुकीची माहिती केवळ परिचित असल्यामुळे वर राहिली, तर नुकसान विचारणाऱ्या प्रत्येकाचे असते. शोधयंत्र चालविणाऱ्यांनी नव्या पानांना परीक्षेची संधी द्यावी, ही अपेक्षा म्हणूनच रास्त आहे. शिक्षक, ग्रंथपाल, संस्था आणि जुन्या संकेतस्थळांचे चालक यांच्याही हाती एक साधे काम आहे. चांगले नवे पान आढळले की आपल्या पानावर त्याचा दुवा द्यावा. वरच्या हिशेबात ‘क’ने एवढेच केले होते, आणि त्यात त्याचे काहीही उणे झाले नव्हते.